ओकलंडची दोन वादळं

"दिवाळी अंकासाठी दफनभूमीवर लेख?" संपादकांनी फोनवर क्षणभर थांबून विचारलं. "ताई, चकली-करंजीच्या शेजारी हे वाचवेल ना लोकांना?"

मी म्हटलं, वाचवेल. आपल्याकडे दिवाळीच्या बरोबर एक महिना आधी सर्वपित्री अमावास्या येते. आधी पितरांना पान वाढायचं, मग देवीचे घट बसवायचे आणि मग दिवे लावायचे, हा क्रम आपल्या आज्या-पणज्यांनी लावून दिलेला आहे. पितरांना ओलांडून कुणी दिवाळीत शिरत नाही. तेव्हा आज मी तुम्हाला आपल्या अटलांटाच्याच एका जागी घेऊन जाणार आहे. मार्टाच्या किंग मेमोरियल स्टेशनवर उतरलात की शेजारी विटांची एक लांबच लांब भिंत दिसते. भिंतीपलीकडे मोठमोठी झाडं आणि त्यांच्यातून डोकावणारे पांढरे दगड. हीच ओकलंड सिमेटरी. आपल्यापैकी कित्येक जण वीस-वीस वर्षं तिच्यावरून ये-जा करत असतील आणि आत एकदाही गेले नसतील. आम्हीही त्यातलेच होतो.

आम्हाला तिथे पहिल्यांदा नेलं ते पाहुण्यांनी. २००७ च्या ऑक्टोबरात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर आमच्या ह्यांचे एक मामा. मामांना 'गॉन विथ द विंड'च्या लेखिकेची, मार्गारेट मिचेलची समाधी बघायची होती. १९४९ साली रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून ती गेली, ती अटलांटातच, आणि ओकलंडमध्येच तिला पुरलं. मामा फोटो काढत होते, लेक गोल्फपटू बॉबी जोन्सच्या थडग्यावर लोकांनी वाहिलेले गोल्फचे चेंडू मोजत होती आणि सासूबाई पदर घट्ट आवळून फाटकापाशीच उभ्या होत्या. "स्मशानात कसलं गं फिरायला जायचं? आणि घरी गेल्यावर आधी आंघोळी करा सगळ्यांनी, मगच स्वयंपाकघरात पाय टाका."

पण थोड्या वेळाने त्याही आत आल्या. जागाच तशी आहे. एकोणिसाव्या शतकात शहरांमध्ये सार्वजनिक बागा फारशा नसत. त्यामुळे अमेरिकेत अशा दफनभूमी बागेसारख्या आखायची पद्धत पडली. वळणावळणाच्या वाटा, ओक आणि मॅग्नोलियाची झाडं, फुलांचे वाफे. रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन यायची, आपल्या माणसांच्या थडग्याभोवतीची फुलझाडं निगुतीने नीट करायची आणि तिथेच सावलीत जेवायची.

थोडा इतिहास सांगते. १८५० साली अटलांटा हे रेल्वेच्या मार्गांच्या सांध्यावर वसलेलं २,५७२ वस्तीचं गाव होतं. गावाबाहेर सहा एकर जागा दफनासाठी घेतली गेली. तिथे पुरलेला पहिला माणूस गावातला नव्हताच. डॉक्टर जेम्स निसन नावाचा तो एक पाहुणा वैद्य. आपल्याला जिवंतपणी पुरतील अशी त्याला भारी धास्ती होती, म्हणून पुरण्याआधी माझी मानेची शीर कापून खात्री करून घ्या, असं त्याने सांगून ठेवलं होतं, अशी कथा तिथले वाटाडे रंगवून सांगतात. परगावचा माणूस या शहराच्या दफनभूमीचा पहिला रहिवासी झाला, याची आपल्यासारख्या परमुलखातून आलेल्यांना गंमत वाटावी. त्याच्या दगडावरची अक्षरं आता पार झिजून गेली आहेत.

पुढे जागा वाढत वाढत ४८ एकर झाली. १८७२ साली तिथल्या ओक वृक्षांवरून ओकलंड हे नाव पडलं. १८८४ पर्यंत सगळे प्लॉट विकले गेले होते. आज तिथे सुमारे ७०,००० माणसं विसावली आहेत. त्यात यादवी युद्धात पडलेले दक्षिणेकडचे सुमारे ६,९०० सैनिक आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ३,००० जणांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. २२ जुलै १८६४ ला अटलांटाची लढाई झाली, तेव्हा दक्षिणेचा सेनापती जनरल हूड याच टेकाडावरच्या एका घरातून ती बघत होता.

या युद्धाचा आपल्या मुंबईशी संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं. युद्धामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरबाजी माजली, बॅक बेमध्ये भराव घालायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ साली युद्ध संपताच सगळं कोसळून घरंच्या घरं बुडाली. इकडे ओकलंडला खेटून १८८१ पासून फुल्टन कंपनीची कापडगिरणी उभी राहिली. तिचा मालक जेकब एल्सास हाही ओकलंडमध्येच पुरलेला आहे. गिरणी बंद पडल्यावर तिथे आता भारी फ्लॅट झालेत. लालबाग-परळच्या माणसाला ही गोष्ट नव्याने सांगायला नको.

आता वादळाकडे येते.

१४ मार्च २००८, शुक्रवार. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. आम्ही टीव्हीवर बातम्या लावून बसलो होतो आणि खाली पट्टीत चक्रीवादळाचा इशारा सरकत होता. मुलांना उचलून आम्ही बेसमेंटमधल्या कपाटात जाऊन बसलो. आमच्या भागात नुसता पाऊस झाला. पण डाउनटाउनमध्ये त्या रात्री टॉर्नेडो घुसला. ताशी १३० मैलांचा, म्हणजे सुमारे २१० किलोमीटरचा वारा. अटलांटात हवामानाच्या नोंदी १८८० च्या आसपास सुरू झाल्या, तेव्हापासून डाउनटाउनवर टॉर्नेडो आल्याची एकही नोंद नव्हती. वेस्टिन हॉटेलच्या उंच गोल टॉवरच्या शेकडो काचा फुटल्या. जॉर्जिया डोममध्ये बास्केटबॉलचा सामना चालू होता, त्याच्या छताचं कापड फाटलं. त्या सामन्यात अलाबामाच्या मायकल रायली या खेळाडूने अगदी शेवटच्या क्षणी बास्केट करून बरोबरी साधली आणि खेळ पुढे लांबला. तो लांबला नसता, तर हजारो माणसं नेमकी त्याच वेळी रस्त्यावर असती. तरीही शहरात एक जण गेला आणि कितीतरी जखमी झाले. तो डोमही पुढे २०१७ साली सुरुंग लावून पाडला.

टॉर्नेडोचा पट्टा जेमतेम दोनशे यार्ड रुंदीचा होता, पण त्या पट्ट्यात ती जुनी गिरणी आली आणि ओकलंडही आलं. गिरणीच्या इमारतीचे वरचे मजले ढासळले. ओकलंडमध्ये शंभराहून अधिक झाडं पडली. त्यांतली कित्येक शंभर वर्षांहून जुनी होती.

बागेतलं झाड पडलं तर झाड जातं. दफनभूमीतलं झाड पडतं, तेव्हा ते एकटं जात नाही. ओकची मुळं खोल जाण्यापेक्षा आडवी लांबवर पसरतात. शंभर वर्षांत ती थडग्यांच्या विटांखालून, कुंपणाच्या कठड्यांखालून गेलेली असतात. झाड उन्मळलं की मुळांच्या गड्ड्याबरोबर विटा, शिळा, कठडे सगळं उचललं जातं. मॅग्नोलियाला हिवाळ्यातही पानं असतात, त्यामुळे वारा त्यात शिडासारखा भरतो. वर फांद्या पडतात त्या पुतळ्यांवर. देवदूतांचे पंख तुटतात, उंच स्तंभ तर दोन-तीन तुकडे एकावर एक रचून केलेले असतात आणि नुसत्या वजनावर उभे असतात, ते बाजूला लवंडतात. शेकडो दगड पडले, फुटले नाहीतर हलले. दफनभूमी लोकांसाठी बंद ठेवावी लागली.

ओकलंड शहराच्या मालकीचं आहे आणि त्याच्या जतनाचं काम १९७६ साली स्थापन झालेली हिस्टॉरिक ओकलंड फाउंडेशन ही संस्था बघते. पण प्लॉट मात्र त्या त्या काळी कुटुंबांनी विकत घेतलेले. ती कुटुंबं कुठली सापडायला? शंभर-सव्वाशे वर्षांत वंश पांगले, संपले. तेव्हा दुरुस्तीचं बरंचसं ओझं संस्थेवर, देणगीदारांवर आणि स्वयंसेवकांवर आलं. केंद्र सरकारच्या आपत्ती निवारण खात्याचीही मदत झाली.

त्या वर्षी माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मला एका शनिवारी तिथे घेऊन गेली. काम साधं होतं, फांद्या आणि काटक्या उचलून ढीग लावायचा. पण एक गोष्ट पहिल्यांदाच बजावून सांगितली होती, की दगडाचा कपचाही जागचा हलवायचा नाही. अशा कामात प्रत्येक तुकडा पडला असेल तिथेच त्याचा आधी फोटो घेतात, नकाशावर खूण करतात, मगच उचलतात. नाहीतर एकाचं शिर दुसऱ्याच्या धडाला लागायचं! जड यंत्रं कबरींवरून नेता येत नाहीत. म्हणून क्रेन वाटेवर उभी करून लांब हाताने ओंडके उचलायचे, तिपाई आणि साखळीच्या कप्पीने शिळा वर घ्यायच्या.

तिथे काम करणाऱ्या एका गवंड्याने मला सांगितलं, की जुन्या विटा सिमेंटने कधी जोडायच्या नाहीत. सिमेंट विटेपेक्षा कडक असतं, त्यात ओल अडकते आणि शेवटी सिमेंट राहतं, वीट फुटते. जुन्या बांधकामाच्या दर्जा भरायला चुनाच लागतो, तो मऊ असतो, श्वास घेतो. मला एकदम आमच्या साताऱ्याच्या वाड्याची भिंत आठवली. घाणीतल्या चुन्याची ती भिंत दीडशे वर्षं टिकली होती आणि काकांनी हौसेने सिमेंटचा गिलावा केल्यावर पाच पावसाळ्यांत पोपडे धरायला लागली होती. तसंच लोखंडाचं. जुने कारागीर संगमरवरात लोखंडी खिळे घालत. ते गंजतात, फुगतात आणि आतून दगड फोडतात. म्हणून आता गंज न धरणाऱ्या स्टीलच्या कांबी घालतात. हे काम आठवड्यांचं नव्हतं, वर्षांचं होतं. पण ते झालं. दगड उभे राहिले, नवी झाडं लावली गेली. अटलांटा शहराच्या मुद्रेवर आगीतून उठणारा फिनिक्स पक्षी आहे आणि पुन्हा उठणं अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे. १८६४ मध्ये जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या गावाला तो शोभतो.

इथे लेख संपला असता. पण त्या शनिवारी दुपारी डबे खाताना मी मैत्रिणीला सहज विचारलं, की तुमच्या घरच्या थडग्याला काही झालं नाही ना? ती कृष्णवर्णीय, पाचव्या पिढीची अटलांटाकर. तिच्या पणजीची आई ओकलंडमध्ये आहे, हे मला ठाऊक होतं. ती हसली आणि म्हणाली, की झाड पडून फुटायला आमचा दगड होता कुठे?

मग तिने मला ओकलंडचं दुसरं वादळ सांगितलं. पहिल्या सहा एकरांतच एका कोपऱ्यात गुलामांना पुरायची वेगळी जागा होती. तिला स्लेव्ह स्क्वेअर म्हणत. युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, गोऱ्यांना प्लॉट कमी पडायला लागले. १८७७ साली नगरपालिकेने ठराव केला की या कोपऱ्यातली प्रेतं उकरून पलीकडे कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या भागात हलवावीत आणि रिकामी झालेली जागा विकावी. तसं झालं. कोण कुठे गेलं याचा मेळ कसा राहणार? त्या भागात पुढे सुमारे १२,००० माणसं पुरली गेली. काहींना दगड मिळाले. अनाथ मुलांसाठी १८८८ मध्ये आश्रम काढणारी कॅरी स्टील लोगन तिथेच आहे. पण बहुतेकांच्या डोक्याशी लाकडाची फळी असे, नाहीतर नुसतं झुडूप, एखादा शिंपला. लाकूड कुजलं, झुडपं कुणीतरी साफसफाई करताना उपटली. वर हिरवळ तेवढी राहिली.

घरी येताना गाडीत मी गप्प होते. टॉर्नेडोने जे पाडलं ते पुन्हा उभं करता आलं, कारण त्याची नोंद होती. दगडावर नाव होतं, जुने फोटो होते, नकाशा होता. वाऱ्याने काही मिनिटांत केलेलं नुकसान काही वर्षांत भरून निघालं. कागदावरच्या एका ठरावाने केलेलं नुकसान मात्र कुणाला दिसतही नव्हतं. तिथे पडायला काही नव्हतंच.

ते शोधायला पुढे आणखी आठ वर्षं गेली. २०१६ मध्ये त्या भागात जमिनीखालचं बघणारं रडार फिरवलं. हातगाडीसारखं यंत्र गवतावरून ढकलत न्यायचं. त्याच्या लहरी खाली जातात आणि जिथे कधीकाळी माती खणून परत भरली असेल तिथे वेगळ्या तऱ्हेने परततात. खणावं लागत नाही, कुणाची झोपमोड होत नाही. रडारला खुणा नसलेल्या साडेआठशेहून अधिक कबरी सापडल्या. मग वाटा, कठडे, दगड, झाडं यांची डागडुजी झाली आणि २०२२ मध्ये या भागाचं काम पूर्ण झालं. १८७७ च्या ठरावापासून मोजलं तर १४५ वर्षांनी.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या, त्याही सांगायला हव्यात. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन २००३ साली वारले. त्यांना ओकलंडमध्ये पुरलं ते वेगळ्या काढलेल्या भागात नव्हे, मूळच्या सहा एकरांत. ज्या सहा एकरांतून त्यांच्या लोकांना उकरून काढलं होतं, तिथे. आणि दक्षिणेच्या अनाम सैनिकांच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये बसवलेला संगमरवरी सिंह २०२१ मध्ये शहराने तिथून हलवला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. पण त्या सिंहामुळे निदान नाव नसलेल्या सैनिकांना एक दगड मिळाला होता. स्लेव्ह स्क्वेअरमधल्या माणसांना तोही नव्हता. कोणाची आठवण ठेवायची हे वारा ठरवत नाही, माणसं ठरवतात.

आता आमच्या घरची गोष्ट. २००९ साली सासूबाई पुन्हा आल्या, त्या इथेच राहिल्या. मी त्यांना मैत्रिणीच्या पणजीच्या आईची हकिगत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपल्यात तर दगड नसतोच. राख नदीत सोडायची आणि नाव घ्यायचं, एवढंच." मी म्हटलं, आई, नावं तर आहेत ना? तर्पणाला तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. चला, लिहून काढू.

आम्ही एक वही केली. पुरुषांची नावं त्यांनी सात पिढ्यांपर्यंत घडाघडा सांगितली. बायकांपाशी आल्यावर अडखळल्या. त्यांच्या सासूबाईंचं नाव रमाबाई. पण ते लग्नातलं. माहेरचं काय? "काहीतरी होतं बाई. घरात सगळे वहिनीच म्हणायचे." आणि त्यांच्या स्वतःच्या आजीचं? तिला आठवणीत फक्त 'आजी'च होती. जात्यावर दळायची, उजव्या हातावर तुळशीचं गोंदण होतं, साठीला गेली. नाव नाही. सासूबाई चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. "आमच्याकडे कुणी ठराव केला नव्हता गं," त्या म्हणाल्या, "आम्ही आपणहूनच पुसली."

२०१८ मध्ये सासूबाई गेल्या, इथेच. अर्ध्या अस्थी आम्ही संगम माहुलीला कृष्णेत सोडल्या, अर्ध्या इथे. त्यांचा दगड कुठेच नाही. २०२२ मध्ये दुरुस्त झालेला भाग बघायला मैत्रिणीबरोबर गेले, तेव्हा वही पर्समध्ये होती. तिच्या पणजीच्या आईची नेमकी जागा अजूनही माहीत नाही, पण आता तिथल्या वाटेवर उभं राहून "ती इथे कुठेतरी आहे" एवढं खात्रीने म्हणता येतं. मैत्रीण तेवढं म्हणाली आणि बाजूच्या गवतावर तिने फुलं ठेवली. एकीसाठी नाही, सगळ्यांसाठी. आपल्या तर्पणातही ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठी शेवटी एक ओंजळ सोडतात, ते मी तिला सांगितलं.

मंडळी, आपल्या मंडळाची पहिली पिढी आता थकली आहे. कुणाचे आई-वडील इथेच गेले, कुणाचे आता पुन्हा व्हिसा काढून येणार नाहीत. यंदा फराळाला जमाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी बसा आणि नावं लिहून घ्या. बायकांची माहेरची नावं आधी विचारा, कारण तीच सगळ्यात आधी हरवतात. आणि एखाद्या रविवारी ओकलंडला जाऊन या, प्रवेशाला पैसे पडत नाहीत. घरी आल्यावर आंघोळ करायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही अजून करतो, सासूबाईंनी सांगितलंय म्हणून.

आमच्या वहीत एक ओळ मी रिकामी ठेवली आहे. तिच्यापुढे लिहिलंय, "सासूबाईंची आजी. हातावर तुळशीचं गोंदण."